टॉनिकची बाटली आणि वैद्याचा धर्म

आठवडी बाजाराच्या दिवशी पांढुर्ण्यात काय किंवा सौंसरात काय, कोणत्याही दवाखान्याच्या बाकावर घटकाभर बसून पाहावे. खेड्यातून आलेला माणूस आपले दुखणे सांगतो, डॉक्टर तपासतात, औषध लिहून देतात, आणि चिठ्ठी हातात पडली तरी तो माणूस उठत नाही. किंचित घुटमळून तो म्हणतो, "साहेब, कमजोरी फार वाटते. काही ताकदीचं लिहून द्या ना." वैद्याची खरी कसोटी रोगाच्या निदानापेक्षाही या एका वाक्यापाशी लागते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

कोणी डॉक्टर काही न बोलता चिठ्ठीच्या तळाशी आणखी एक ओळ लिहितात. कोणी त्रासून म्हणतात, "ताकदीचं काही नको. घरची भाकर-भाजी खा आणि पैसे वाचवा." आणि क्वचित एखादे डॉक्टर लेखणी खाली ठेवून विचारतात, "कमजोरी म्हणजे नेमके काय होते? आणि दिवसभरात खाता काय?" पहिले दोन प्रकार आपणा सर्वांच्या परिचयाचे आहेत. तिसऱ्याची गाठ आमच्या घराला जरा उशिरा पडली, म्हणून हा लेखनप्रपंच. मी वैद्यक शिकलेलो नाही. माझे शिक्षण शाळेपुरतेच झाले आहे. तेव्हा पुढील मजकुरात वैद्यकाचे जे काही आहे ते जाणत्यांना विचारून व वाचून लिहिले आहे, आणि ते वाचून कोणी आपले चालू औषध परस्पर बदलू नये, एवढी विनंती आरंभीच करतो.

बाटली लिहून देणाऱ्या डॉक्टरांना एकदम दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. रोगी श्रद्धेने येतो. बाटली मिळाली तर बाकीचे औषधही तो नेमाने घेतो, त्याला हुशारी वाटते, आणि कित्येकदा तो खरोखरच लवकर उठतो. बाटली नाकारली तर तो समोरच्या दवाखान्यात जातो आणि तिथे ती मिळतेच. हा प्रश्न मी आमच्या परिचयाच्या एका डॉक्टरांपाशी काढला तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमचे वडील तीर्थ देताना कोणाला त्याची जरूर आहे आणि कोणाला नाही, हे तपासून पाहतात का?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो आणि बरेच दिवस तो मनात घोळत राहिला. आमचे वडील देवळात पूजा करतात. पळीभर पाणी आणि तुळशीचे पान ते येईल त्याच्या हातावर घालतात, हे खरेच. परंतु विचाराअंती मला दोन्हींत फरक दिसतो. तीर्थाला मोल पडत नाही. टॉनिकच्या बाटलीत शेतमजुराच्या दिवसाच्या मजुरीचा मोठा भाग जातो. तीर्थ देणारा असे कधी म्हणत नाही की याने तुमच्या अंगात अमुक इतके रक्त वाढेल. उलट डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली प्रत्येक ओळ ही एक प्रतिज्ञाच असते: हे तुम्हांला हवे आहे असे मी, शिकलेला मनुष्य, सांगतो. ती ओळ जर नुसती रोग्याचे मन राखण्यासाठी लिहिली असेल, तर ते सौम्य असले तरी असत्यच होय. शिवाय बाटली करणाऱ्याचा स्वार्थ डॉक्टरांच्या मेजापर्यंत पोहोचतो. वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांत २००९ साली भर घालून औषध कंपन्यांकडून भेटवस्तू घेण्यास डॉक्टरांना मनाई करावी लागली, यावरून काय ते समजावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. दुकानात मिळणाऱ्या ताकदीच्या पुष्कळशा पावडरी व गोळ्या कायद्याने औषध नसून अन्न आहेत. अन्न सुरक्षा खात्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा डब्यावर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना छापावी लागते. ती बारीक इंग्रजी अक्षरांत असते. आपण मात्र तो डबा औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या अक्षरातील चिठ्ठी दाखवून आणतो, आणि औषध म्हणूनच घेतो.

आता दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांकडे वळू. "घरचे खा" या त्यांच्या उपदेशामागे मोठी परंपरा आहे. चरकाचार्यांनी शरीराचे जे तीन उपस्तंभ सांगितले त्यांत आहार हा पहिला आहे. पाश्चात्त्यांच्या वैद्यकातही अन्नाचा महिमा सिद्ध करणारा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, आणि तो आपणा संत्रेवाल्यांना विशेष जवळचा वाटावा. १७४७ साली जेम्स लिंड या आरमारी वैद्याने सॅलिसबरी नावाच्या जहाजावर स्कर्व्ही रोगाने खंगलेले बारा खलाशी निवडले आणि दोघादोघांना निरनिराळे उपचार दिले. कोणाला सफरचंदाची आंबवलेली दारू, कोणाला व्हिनेगर, कोणाला चक्क समुद्राचे पाणी. ज्या दोघांना रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ते आठवड्याच्या आत सुधारले. तरीही ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस नियमाने मिळू लागण्यास १७९५ साल उजाडावे लागले. मोठ्या लोकांना साधा उपाय पटायला वेळ लागतो. त्या फळांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले क जीवनसत्त्व. प्रौढ माणसाला ते दिवसाला ६५ ते ८० मिलिग्रॅम पुरते, आणि दोन संत्र्यांत तेवढे बहुधा असतेच. तरीही २०२० च्या करोनाच्या साथीत, संत्र्यांचे ट्रक भरून पाठविणाऱ्या आपल्या गावांत, किती घरांनी क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचे पत्ते आणून ठेवले होते हे ज्याचे त्याने आठवावे. आमच्या घरीही दोन होते. येथे त्रासिक डॉक्टरांचे म्हणणे शंभर टक्के खरे ठरते.

परंतु घरच्या अन्नातच एखादी उणीव असेल तर? १९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक भयंकर पांडुरोग होत असे व पुष्कळ जणी त्यात दगावत. विल्सबाईंनी या बायका काय खातात, किती खातात, घरची स्थिती कशी आहे, याची बारकाईने चौकशी केली. रोग मुख्यतः गरिबीच्या निकृष्ट आहारावर राहणाऱ्या बायकांत आढळतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी यीस्टचा अर्क दिला तेव्हा गुण येतो असे दिसले, आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातील द्रव्य म्हणजे आज आपण ज्याला फॉलिक ॲसिड म्हणतो ते. ते पुढे कृत्रिम रीतीने तयार करण्याच्या कामी अमेरिकेतील ज्या शास्त्रज्ञांचा हात होता त्यांचे प्रमुख आंध्रातून तिकडे गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव हे होते. आज आशाताई गरोदर स्त्रीच्या हातावर जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात ६० मिलिग्रॅम लोहाबरोबर ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. त्या गिरणीतल्या बाईला जर कोणी विद्वानाने "घरची भाकर-भाजी खा" असे सांगितले असते, तर ते शब्द कितीही शुद्ध असोत, तिच्या उपयोगाचे नव्हते. तिच्या घरी भाकरी होती, भाजी नव्हती.

आता आमच्या घरची हकिगत सांगतो. डॉक्टरांचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते सज्जन आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात अढी नाही. बाबांना मधुमेह आहे व दहा-बारा वर्षे ते मेटफॉर्मिनची गोळी घेत आहेत. त्यांना थकवा येऊ लागला तेव्हा डॉक्टरांनी रक्तवर्धक बाटली सुरू केली. तीत लोह होते, फॉलिक ॲसिड होते. चेहऱ्यावर थोडे तेज आले, रक्ताचा आकडा वाढला, आणि सर्वांना बरे वाटले. परंतु पायांच्या मुंग्या थांबेनात. पहाटे काकडआरतीच्या वेळी गाभाऱ्याची फरशी थंड लागत नाही, असे बाबा एकदा सहज म्हणाले. मी कोठेतरी वाचले होते म्हणून डॉक्टरांना भीत भीत विचारले, "यांना बी-बारा जीवनसत्त्व कमी पडत असेल का?" डॉक्टर हसले. "ही सगळी नवी फॅशन आहे. देवळातल्या गुरुजींना दूध-तुपाची काय कमी?" मीही हसलो. या गोष्टीला दीड वर्ष झाले.

पुढे एका नातेवाइकांच्या आग्रहाने बाबांना नागपूरला दाखविले. तेथील डॉक्टर वयाने लहान होते. त्यांनी अहवाल बाजूला सारून विचारले, "गुरुजी, काल सकाळपासून काय काय खाल्ले ते सांगा." बाबांना हा प्रश्न प्रथम अपमानासारखा वाटला. मग त्यांनी सांगितले: दोन वेळा चहा, दुपारी वरण-भात, पोळी, भाजी, रात्री थोडे फळ. एकादशी व चतुर्थीला उपवास. दही कफ होतो म्हणून सोडलेले. दूध? ते नैवेद्याचे, आणि नैवेद्य वाटून संपतो. तूप मात्र भरपूर. पण तुपात हे जीवनसत्त्व नसल्यासारखेच असते, हे आम्हांला तेव्हा कळले. डॉक्टरांनी रक्त तपासावयास पाठविले आणि उणीव पुष्कळ निघाली.

त्यांनी समजावून सांगितले ते असे. बी-बारा हे जीवनसत्त्व वनस्पतींत तयार होत नाही. ते जंतूंपासून उत्पन्न होते आणि प्राण्यांच्या द्वारे आपल्यापर्यंत येते. मांसाहार न करणाऱ्याला ते मिळण्याची मुख्य वाट म्हणजे दूध व दही. त्यात वय वाढले की पोटातील पाचकरस कमी होऊन ते शोषले जात नाही, आणि मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ते आणखी घटते. सर्वांत वाईट हे की, नुसते फॉलिक ॲसिड भरपूर मिळत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि तिकडे मज्जातंतूंची हानी आत चालूच राहते. म्हणजे जी बाटली न विचारता दिली गेली तिने, जी गोळी न विचारता नाकारली गेली तिची गरज झाकून ठेवली होती. ही उणीव आमच्या एकट्याच्या घरची नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा जो अभ्यास केला, त्यात साठ टक्क्यांहून अधिक मातांमध्ये बी-बारा कमी आढळले, आणि या मातांना फॉलिक ॲसिडची वाण मात्र फारशी नव्हती.

नागपूरहून परतल्यावर एक निराळाच प्रसंग उद्भवला. दुकानदाराने गोळीऐवजी कॅप्सूल दिली. बाबांनी ती बोटांत धरून विचारले, "हे वरचे आवरण कशाचे?" दुकानदाराने सांगितले, जिलेटीनचे. आणि जिलेटीन कशाचे? तो गप्प बसला. ते बहुधा जनावरांच्या हाडांचे व कातड्याचे असते. अन्नाच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहण्याची आपल्याला सवय झाली आहे. औषधाच्या कॅप्सूलवर तसे चिन्ह बहुधा आढळत नाही. मी नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच साधी गोळी सांगितली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हे मी आपण होऊन सांगायला हवे होते. बहुतेक वेळा लक्षातच राहत नाही."

कोणी म्हणतील, औषधाला कसला विधिनिषेध? आपद्धर्म म्हणून शास्त्राने पुष्कळ सवलत दिली आहे. बाबांचे म्हणणे मला अधिक पटले. आपद्धर्म दुसरा मार्ग नसेल तेव्हा. येथे तर तेवढ्याच किमतीची गोळी त्याच फळीवर होती. आणि मार्ग आहे की नाही हे ठरविण्याचा अधिकार ज्याचे शरीर व ज्याचे व्रत त्याचा. त्याला ठाऊकच नसेल तर त्याने ठरवावे कसे? एखाद्याला कॅप्सूल चालेल, त्याने ती सुखाने घ्यावी. पण न सांगता चालवून घेणे निराळे. खुद्द बी-बाराविषयी मात्र बाबांची शंका फिटली. कारखान्यात ते जंतूंकडूनच, आंबवण करून काढतात. म्हणजे आपल्या विरजणाचाच दूरचा प्रकार. ड जीवनसत्त्व पुष्कळदा मेंढीच्या लोकरीवरील तेलकट मेणापासून करतात, हे ऐकून आईने कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा बाबा म्हणाले, "सोवळ्याची धाबळी कशाची असते?" आईपाशी उत्तर नव्हते. (धाबळी पोटात जात नाही, हे तिने दुसऱ्या दिवशी सांगितले, तो वाद अजून मिटलेला नाही.)

गोळी घेणे हे जर एवढे निरुपद्रवी असते, तर डॉक्टरांनी विचारले काय नि न विचारले काय, फारसे बिघडले नसते. परंतु तसे नाही. नागपूर-विदर्भापासून आपल्या भागापर्यंतच्या पट्ट्यात सिकलसेलचा आजार आहे. या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्यप्रदेशात शहडोल येथून सुरू झाली. या रोग्याचे रक्त कमी असते, पण लोह कमी असतेच असे नाही. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या अंगात तर लोह साठत जाऊन अवयवांना अपाय करते. अशा मुलाचा फिकट चेहरा पाहून 'रक्त वाढवायची' बाटली देणे म्हणजे काय, याचा विचार करावा. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची गोळी आठवड्याला एक अशी सांगितलेली असते; ती रोज घेतली तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला धोका पोहोचतो. फिनलंड देशात विडीकाडी ओढणाऱ्या हजारो पुरुषांना गाजरातील बीटा-कॅरोटीन हे द्रव्य गोळीच्या रूपाने देऊन पाहिले. फुप्फुसाचा कर्करोग कमी होईल अशी आशा होती. १९९४ साली निष्कर्ष बाहेर आला तो उलटा, रोग अठरा टक्क्यांनी अधिक. जे गाजरात चांगले ते गोळीतही चांगलेच, असे गृहीत धरता येत नाही.

आता थोडे आपल्या बाजूचे. डॉक्टरांनी विचारावे हे खरे, पण विचारल्यावर आपण खरे सांगतो का? माझी आई थायरॉईडची गोळी घेते. तिचा आकडा काही केल्या ठिकाणावर येईना, म्हणून डॉक्टरांनी मात्रा दोनदा वाढविली. तिच्या कपाटात कॅल्शियमच्या गोळ्यांची एक बरणी व ओळखीच्या बाईंकडून घेतलेली एक पावडर होती, आणि ती दोन्ही सकाळी थायरॉईडच्या गोळीबरोबरच घेत असे. कॅल्शियम आणि लोह ही दोन्ही त्या गोळीला अंगी लागू देत नाहीत. मध्ये निदान चार तासांचे अंतर हवे. हे डॉक्टरांना का सांगितले नाही, असे मी विचारले. ती म्हणाली, "ते रागावतात रे. मागे एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, पैसे जास्त झालेत का म्हणून."

मला वाटते, तुच्छतेने नाकारण्याचा दोष येथे आहे. डॉक्टरांचे म्हणणे चुकीचे होते असे नाही. त्या पावडरीचे पैसे वायाच गेले होते. पण ते ज्या स्वरात म्हटले गेले त्याने आईचे घेणे थांबले नाही, फक्त सांगणे थांबले. आणि जे सांगितले जात नाही त्याचा इलाज कोणता वैद्य करणार? दवाखान्याच्या दाराशी चाळीस माणसे ताटकळत असताना प्रत्येकाच्या ताटाची चौकशी करणे डॉक्टरांना शक्य होत नाही, हे मी जाणतो. आमच्या डॉक्टरांना बाबांचा अहवाल नेऊन दाखविला तेव्हा ते बराच वेळ तो पाहत राहिले आणि अगदी हेच म्हणाले. त्यांची अडचण खरी आहे. तिच्यावर माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. परंतु 'काय खाता आणि आणखी काय घेता' एवढे विचारायला अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट दुसऱ्या कोणत्याही तपासणीहून स्वस्त आहे.

बाबांना प्रथम इंजेक्शने दिली, आता गोळी चालू आहे आणि ते रात्री कपभर दूध घेतात. उजव्या पायाच्या मुंग्या गेल्या. डाव्या पायाच्या थोड्या उरल्या आहेत, आणि त्या जातीलच असे डॉक्टर सांगत नाहीत. आई आता दवाखान्यात जाताना घरातील सगळ्या बाटल्या व डबे पिशवीत घालून नेते. पहिल्या खेपेस आमच्या जुन्या डॉक्टरांनी त्या एकेक करून मेजावर मांडल्या. तीन बंद केल्या, एक दुपारी जेवणानंतर घ्यावयास सांगितली, आणि एका डब्यावरचा मजकूर दोनदा वाचून ते म्हणाले, "हे काय आहे ते मलाही ठाऊक नाही. वाचून पुढच्या खेपेस सांगतो, वहिनी. तोवर घेऊ नका."